अर्ध्या इंचाचा इलाज

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. तुझी लायकी नाही, तरी घे.

तुझ्या बायकोचं पत्र आलं. तीन महिन्यांत तू स्वतःच्या शर्टांचं गळ्याचं बटण दोनदा सरकवलंस, आणि आता सगळ्या कॉलरी उसवून अर्धा इंच वाढवतो आहेस म्हणे. का, तर मानेला गाठ आलीय आणि तिथे कॉलर काचते. वा रे शिंपीमास्तर! रोग रेड्याला आणि औषध पखालीला. दुखत नाही म्हणून निवांत आहेस? गाढवा, न दुखणाऱ्या गाठीचीच जास्त चौकशी करायची असते. तीस वर्षं वॉर्डात नर्स होते मी, तुझ्यासारखे शहाणे रोज बघितले. गाठ तीन आठवड्यांत गेली नाही तर डॉक्टर गाठायचा, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. खिशातली तंबाखूची डबी आधी फेक.

उत्तर लिहीत बसू नकोस, दवाखान्यात जा.

तुझी ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, पाकीट अजून गरम आहे. डॉक्टर म्हणजे एक धागा लोंबताना दिसला की अख्खा कोट उसवून बसणारी जात. चाळीस वर्षं मी लोकांच्या माना मोजतोय. बँकेतल्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ होती. मी अवाक्षर काढलं नाही, गळा तेवढा ढिला ठेवला. गिऱ्हाइकाच्या अंगाला नावं ठेवू नयेत, हा आपल्या वडिलांचा नियम. तो खूश होऊन गेला. माझी तर वाटाण्याएवढी आहे. आवाज महिनाभर बसलाय, तो हंगामात बोलून बोलून.

लोभ करावा, निदान दुरून नाडी बघू नये.

धाकटा

१६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास. आशीर्वाद संपले.

तुझ्या पत्राची किळस आली. हाताला लागलेली गाठ गिळून टाकलीस, आणि त्याला सभ्यपणा म्हणतोस! नियम वडिलांचा, अक्कल कोणाची? तो बँकवाला पुन्हा दुकानात आला का? नसेल तर बँकेत जाऊन विचार. आणि आवाज महिनाभर बसलाय हे आता सांगतोस? उद्याच्या उद्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. घसा दाखव, गाठीची सुई घालून तपासणी करून घे. नाही गेलास तर मला बहीण म्हणू नकोस.

ताई

२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

बँकेत गेलो होतो. तो माणूस डिसेंबरात गेला. घशाचा कॅन्सर होता, कळायला उशीर झाला, असं त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सांगितलं. तिथून तडक डॉक्टर गाठला.

माझीही गाठ त्यातलीच निघाली. अजून मानेपलीकडे पसरलेलं नाही, बरं होण्याची आशा चांगली आहे, असं डॉक्टर म्हणतात. तीन महिने आधी आला असतात तर थोडक्यात भागलं असतं, हेही म्हणाले. तंबाखू सोडली. मंगळवारी ऑपरेशन आहे.

ताई, त्या माणसाच्या मानेला माझी बोटं लागली होती. एक वाक्य बोलायचं होतं, तेवढं मला जमलं नाही.

मला भीती वाटते. आवाज राहील की नाही ते सांगता येत नाही म्हणतात. तेव्हा मंगळवारच्या आधी ये. काय शिव्या द्यायच्या त्या तोंडावर दे, म्हणजे मला उलट उत्तर देता येईल.

लोभ आहे, हे कळलं.

तुझा धाकटा