ॲक्रिलिकचं डोकं

मंगळवार, सॉल्ट लेक

आज मी आमच्या सीटी टेक्निशियनचा, तपनदाचा, जीव घेतला असता. नेम चुकला म्हणून वाचला.

सीटी मशीनमध्ये पेशंटच्या जागी ठेवून रेडिएशन मोजायचं ते ॲक्रिलिकचं डोकं माझ्या हातात होतं. आठवडाभर या माणसाने लहान मुलांचे स्कॅन मोठ्यांच्या सेटिंगवर, म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी जास्त रेडिएशन देऊन काढले! चार वर्षांच्या मुलीचासुद्धा. जाब विचारला तर हसला. "चित्र स्वच्छ येतं, दीदी. डॉक्टर खूश होतात. मुलांना कुठे काय दुखतं?"

दुखत नाही, म्हणून? दोन्ही हातांनी ते डोकं त्याच्यावर फेकलं. भिंतीवर आपटून दुभंगलं. सगळे धावत आले, मला धरून बाहेर काढलं, घरी पाठवलं. माझ्याविरुद्ध तक्रार झाली. होऊ दे, खोटी नाहीये ती.

पण ते डोकं फुटल्याचा आवाज जात नाही कानातून. आणि बाहेरच्या बाकावरची ती बाई, मांडीवर मूल, हातात स्कॅन करून घ्यायची चिठ्ठी. माझ्याकडे बघून मुलाला घट्ट धरलं तिने. माझ्यापासून वाचवायला!

देवा. मशीनचं सेटिंग बदलायचं राहिलंच की.

चार वेळा फोन लावला. तपनदा उचलत नाही.