हद्दीवरचे तारे

हायडेलबर्ग, जर्मनी

तीर्थरूप आबा, अपेक्षाचा तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी खुशाल आहे, वेळेवर जेवते.

"पोरी, तू तिथं करतीस तरी काय?" असं तुम्ही फोनवर विचारलंत, तेव्हा नीट सांगता आलं नाही. दुर्बिणींनी कोट्यवधी तारे नोंदवलेत. त्यांतले आकाशातल्या एखाद्या जागेजवळचे तारे झटकन शोधून देणारा प्रोग्राम मी लिहिलाय. आकाशाचे चौकोन पाडायचे आणि जवळचाच चौकोन धुंडायचा. हा प्रोग्राम कुणीही फुकट वापरावा, उघडून तपासावा, असा खुला ठेवलाय.

मागच्या महिन्यात तो वापरणाऱ्या, चिली देशातल्या एका बाईंनी कळवलं, की दोन चौकोनांच्या हद्दीवरचे तारे त्यातून सुटतायत. आमचे साहेब म्हणाले, "गुपचूप दुरुस्त कर." मी ऐकलं नाही. चूक माझी आहे, असं वापरणाऱ्या सगळ्यांना लिहिलं. मग नेटानं बसले आणि नऊ दिवसांत दुरुस्ती केली. त्याच बाईंनी तपासून "आता बरोबर" म्हणून कळवलं.

आता एका मोठ्या वेधशाळेनं तो प्रोग्राम घेतलाय. मला इथं आणखी दोन वर्षं ठेवलंय. दिवाळीला मात्र येता येणार नाही. आईला तुम्हीच सांगा, माझ्यानं सांगवणार नाही.

आपल्या कवठ्यात, शेतात कांद्याची लागण झाली का?

मल्हारदादा म्हणतो, गुडघ्यासाठी तुम्ही दोनदा शिरूरच्या दवाखान्यात गेलात. मला तर म्हणालात, "काय न्हाई, बरा हाय." आबा, मी माझं सगळं लिहिलंय. डॉक्टर काय म्हणाले, ते आता तुम्हीही खरं कळवा.

तुमची लेक,
अपेक्षा