बर्फ वितळताना पारा का चढत नाही

विधी,

मी नशिराबादला निघालोय. तुझ्या ट्यूशनच्या राजदीप सरांची मोटारसायकल तिथे बंद पडली आहे आणि उद्या तुझा विज्ञानाचा पेपर आहे, म्हणून त्यांना आणायला मीच जातोय.

बर्फाला उष्णता दिली तरी तो वितळेपर्यंत तापमान वाढत नाही, कारण ती सगळी उष्णता त्याचं पाणी करण्यातच खर्च होते. रविवारी मी हे ताकात बर्फ टाकून, त्यात तापमापी बुडवून दाखवलं, तेव्हा तू म्हणालीस, "पप्पा, तुम्ही फार लांबण लावता." मंगळवारी सरांनी तेच सांगितलं, तर जेवताना म्हणालीस, "मम्मी, सरांनी काय भारी समजावलं!" आणि तुझी मम्मी म्हणाली, "हो का गं?" रविवारचं ताक तिनेच घुसळलं होतं.

मला त्याचं काही वाटलेलं नाही.

येताना सर माझ्या मागे बसतील. घरी येईपर्यंत मी त्यांना भिंगांवरचे प्रश्न विचारणार आहे. एक जरी उत्तर चुकलं, तर आज भिंगं मी शिकवेन. नाहीच चुकलं, तर तुझ्या शेजारी बसून मीही ऐकेन. मध्ये बोलणार नाही, असं मात्र लिहून देत नाही.

पप्पा