सासऱ्यांना डॉल्फिन दाखवले

४ मार्च
ठरलं. रविवारी बोटीने डॉल्फिन बघायला जायचं. बेत सासऱ्यांसाठी. चाळीस वर्षं शिंपीकाम केलं, आता काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, उरलीसुरली नजर वर्षभराची. त्यांना एकदा खरे डॉल्फिन बघायचेत. मी म्हटलं, मी नेतो! बायकोचे डोळे भरून आले. मन मोठं असावं लागतं.

५ मार्च
साडूंचा कॅमेरा आणला. लेन्स कोपरभर लांब. ऑफिसात जाहीर केलं : सोमवारी डॉल्फिनचा फोटो नोटिसबोर्डावर. साहेब म्हणाले, बघू. जळतात.

७ मार्च
सराव. खिडकीतलं कबूतर टिपलं. कबूतर हललं. मॅन्युअल ११४ पानांचं. अनुक्रमणिका वाचून झाली. बाकी उपजत असावं लागतं.

८ मार्च, सकाळी ६.१०
धक्क्यावर. बोटीत कठड्याजवळ एकच जागा रिकामी. बोटवाला म्हणाला, बाबांना बसू द्या. त्याला समजावलं की मी फोटो काढले तर बाबांना ते घरी टीव्हीवर मोठे करून निवांत बघता येतील. म्हणजे फायदा त्यांचाच. सासरे म्हणाले, बसा तुम्ही, जावईबापू. मागे केबिनला टेकून बसले. तिथे वाराही कमी लागतो.

८.४०
आले! पाच. शिवाय एक पिल्लू, आईला चिकटून. सगळी बोट ओरडत होती. सासरे चाचपडत पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारू लागले, कुठे, कुठे? कॅमेरा हलला. मी खेकसलो, ‘‘बाबा, खाली बसा हो!’’
बसले.
दोन मिनिटांत सगळं आटोपलं.

दुपारी
२१२ फोटो. पाणी, पाणी, शेजारणीची टोपी, पाणी. एकात शेपटी, बहुधा. बोटवाल्याच्या मते लाट.
सासऱ्यांना दिसले का, विचारायचं राहिलं. उतरायची घाई होती.
खरं म्हणजे घाई नव्हती.

९ मार्च
ऑफिसात सांगितलं, मेमरी कार्ड खराब निघालं. साहेब फक्त हसले.
संध्याकाळी बायको वडिलांना खोदून खोदून विचारत होती. मी दाराशी, पाण्याचा ग्लास हातात. सासरे म्हणाले, पाच होते गं. आणि एक पिल्लू, आईला चिकटून. यांनी हात धरून पार कठड्यापाशी नेलं मला.
लोक ओरडत होते, तेवढं ऐकलं असणार.
तिने विचारलं, रंग कसा होता? ते म्हणाले, असतो तसाच.
बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, लग्नानंतर पहिल्यांदाच. मी पाणी प्यायलो.

१० मार्च
सकाळी सासऱ्यांजवळ जाऊन बसलो. म्हटलं, बाबा, रविवारी परत जाऊ या. कॅमेरा नको. कठड्याजवळ तुम्ही बसायचं.
बायको तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होती.
सासरे म्हणाले, ‘‘आता कशाला? बघितले की.’’