नव्या कापडाच्या गोधड्या

अंबरनाथ पूर्व,
२० नोव्हेंबर २००५

प्रिय अस्मिता,

सप्रेम जय भीम. मनमाडला थंडी आपल्यापेक्षा लवकर पडते, कानाला रुमाल बांधत जा. तुझ्या आईचे गुडघे आता बरे असतील. इथे सगळं ठीक. मोरीतला गळका नळ अखेर बदलला. शेजारच्या कुमुदिनीबाई रोज विचारतात, "सूनबाई कधी येणार?" मी म्हणते, येईल.

आमच्या महिला मंडळाने गोधड्यांचं काम घेतलंय, हे फोनवर सांगितलं होतं. जुलैच्या पुरात बदलापूरच्या नदीकाठच्या वस्तीतली आणि चामटोलीकडची अंथरुणं-पांघरुणं वाहून गेली. सरकार पंचनामे करून गेलं. पंचनामा पांघरून झोप येत नाही, हे मी सभेत बोलले तेव्हा टाळ्या पडल्या. त्याच सभेत मी नियम घातला : जुनं कापड घ्यायचं नाही. एक चिंधीसुद्धा नाही.

का, ते तुला ठाऊक आहे. पुरानंतर ट्रक भरून कपडे आले होते. बटणं तुटलेली, बगलेत फाटलेली, वास मारणारी. बायका त्या ढिगाकडे बघत उभ्या होत्या आणि वरून कोणीतरी ओरडत होतं, "घ्या, घ्या, फुकट आहे!" मला किसनबाबा आठवले. मिलिंदचे आजोबा. त्यांच्या गावात मेलेल्याच्या अंगावरचं कापड आपल्या लोकांच्या पदरात टाकायची रीत होती, हक्क म्हणे! धम्म घेतला त्या वर्षी बाबांनी अंगावरचं तसलं कापड तिथेच सोडलं आणि उघड्या अंगाने घरी आले. त्या माणसाच्या घरातून मी उतरलेली वस्त्रं वाटायची? मी विचारलं. नियम मंजूर झाला.

मग उल्हासनगरला जयदेव शेठच्या दुकानात गेले. गोधडीसाठी नवीन सुती हवं म्हटल्यावर तो हसायलाच लागला.

"ताई, नया कपडा शर्ट के लिए होता है. गोदडी में पहना हुआ डालते हैं. मेरी अम्मा भी रल्ली में पुराना ही डालती थी."

"रल्ली काय असते?"

"हमारी सिंधी गोदडी. बाबा की धोती, अम्मा की चुन्नी, सब एक के ऊपर एक. वो सोफ्ट होता है ना, आदमी का हाथ लगा हुआ."

मी त्याला प्रतिष्ठेबद्दल बरंच ऐकवलं. तो हात जोडून म्हणाला, "भाषण बाद में ताई, पहले कपडा पकड के तो देखो." मी पकडलं नाही. फुलाफुलांचे कटपीस घेतले, खळीने ताठ, सुतात निम्मं पॉलिस्टर. दिसायला मात्र झकास. बायकांच्या सुया मोडल्या, बोटं सोलली, तरी आम्ही शिवल्या आणि वाटल्या. फोटोही निघाला.

मागच्या रविवारी चामटोलीची सुंदराबाई गोधडी काखेत मारून दारात. माझ्या पायाशी ठेवली.

"ही परत घे गो बाय. नातू हिच्या खालून घसरून भायेर येतो. रातभर कुडकुडतो. मी लुगडा टाकते त्याच्यावर, तवा झोपतो."

"धुतल्यावर मऊ होईल, मावशी."

"होईल तवा होईल. थंडी आता हाय."

तिने घरात नजर फिरवली आणि सहज विचारलं, "तुझ्या घरात जुना सुती कापड नाय काय?"

मी म्हणाले, "नाही."

अस्मिता, ज्या घरात मिलिंदने जन्मभर सुतीशिवाय काही अंगाला लावलं नाही, त्या घरात उभी राहून मी नाही म्हणाले. कपाट माझ्या पाठीमागेच होतं. सुंदराबाई पाणी प्यायली आणि गेली. मी मात्र तो गठ्ठा उचलून आत न्यायलाही खाली वाकले नाही.

तेव्हापासून स्वतःशीच उलटतपासणी चाललीये. किसनबाबांची गोष्ट खरी. ट्रकचा अपमान खरा. पण नियम घालताना माझ्या मनात आणखी काय होतं? जुनं कापड गोळा करायचं ठरलं असतं तर पहिली पिशवी आपल्याच घरातून जायला हवी होती. मग कपाट उघडावं लागलं असतं. म्हणून मी किसनबाबांचा स्वाभिमान पुढे केला आणि त्याच्यामागे लपले. एवढी पुस्तकं वाचली, एवढी व्यासपीठं गाजवली, ती यासाठी!

शहाडच्या कारखान्यातून मिलिंद पुराच्या दिवशी दुपारी निघाला. रुळाच्या कडेने चालत. सोबतच्यांनी त्याला वालधुनी नदीच्या पाण्यापर्यंत पाहिलं. पुढे कोणी पाहिलं नाही. आपण दोघींनी मिळून ठरवलं, की पाहिलं नाही म्हणजे काही झालंच नाही. वस्तीतल्या प्रत्येक शोकसभेत मी उभी राहिले. सत्याकडे डोळे उघडून बघा म्हणाले, आयांच्या पाठीवर हात ठेवले. आणि भन्तेजींनी "मिलिंदच्या पुण्यानुमोदनाचं काय करायचं?" विचारलं तेव्हा, तो विधी गेलेल्यांचा असतो म्हणून, मी त्यांच्यावर अशी कडाडले, की ते चहा न घेता उठले.

तो आता येणार नाही, अस्मिता. हे वाक्य लिहायला मी सकाळपासून नळ, गुडघे, कटपीस, सगळं लिहून काढलं.

काल मंडळात नियम मोडला. सांगितलं, नको झालं म्हणून टाकलेलं कापड आपण अजूनही घेणार नाही. हवं असूनही दिलेलं घेऊ. सुरुवात माझ्यापासून. चौदा एप्रिलच्या सभांना नेसते ती पांढरी साडी कापली. सुंदराबाईच्या नातवासाठी वरचा थर त्या साडीचाच. पण आतले थर कमी पडताहेत. थंडी वाढते आहे.

मिलिंदचे शर्ट त्या कपाटात आहेत. तू कॉलरी उलटवून दिलेले, धुऊन धुऊन सायीसारखे झालेले. तो निळ्या चौकड्यांचा तुझा, त्याला कात्री लागणार नाही. बाकीच्यांचं तू ठरव. माहेरी जाताना कपाटाची किल्ली पर्समध्ये टाकलीस ते मी पाहिलं होतं. तेव्हा बोलले नाही, आताही रागाने बोलत नाही. माझ्याकडे असती तर मीही लपवलीच असती.

तू ये. आपण दोघी मिळून उघडू. वास अजून असेल तर तो आधी तू घे. यायला जमत नसेल तर किल्ली पाठव. काहीच नाही पाठवलंस, तर मी थांबेन, आणि सुंदराबाईला खरं कारण सांगेन. कुलूप तोड, एवढं मात्र कळवू नकोस. आयुष्यभर कुलपं तोडा म्हणून ओरडत आले. हे एक माझ्याने तुटणार नाही.

तुझ्या होकाराला आणि नकाराला सारखीच घाबरलेली,
मिलिंदची आणि तुझी,
आई