आप्पांचा हात आणि आप्पांचं पोट

चाकण, ता. ४ मार्च १९५७

चि. बन्सीस कुशाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत म्हणून लिहिलं.

आप्पांचा उजवा हात आता स्वस्थ बसत नाही. चहा तोंडात कमी आणि धोतरावर जास्त. आपल्या धाकट्या सरूच्या लग्नात कन्यादानाचं पाणी सोडताना भरल्या मांडवात हात थरथरला तर काय, या धास्तीने त्यांनी जेवण टाकलंय. वैद्यबुवा म्हणतात, दहा वर्षं पोट कोंडलेलं, तोच वात हातात उतरला. आठवतं ना, आप्पा सकाळी तांब्या घेऊन गेले की उन्हं चढल्यावर परतायचे आणि आपण हसायचो? चेहऱ्याने तूही त्यांच्याच वळणावर गेलास म्हणून तुलाही चिडवायचो. आई रोज एरंडेल पाजते, पण पोटही हलत नाही आणि हातही थांबत नाही. तू औषधाच्या कारखान्यात आहेस, काहीतरी कर.

माझी माया आहेच, तुझी खबर देत जा.
कुशा

पिंपरी, ता. १९ मार्च १९५७

ती. कुशाताईस बन्सीचा शि. सा. न.

आमच्या कारखान्यात पेनिसिलीन होतं. ते जखमेला, तापाला चालतं, कापऱ्या हाताला नाही. रविवारी आप्पांना पुण्याला दाखवलं. त्यांनी घरी सांगितलं नसेल ते मी सांगतो. हा आजार बरा होत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, त्यांनी हात थोडा शांत होईल, पण पोट आणखी आवळेल. वैद्यबुवांचं म्हणणं सांगितलं तर डॉक्टर हसले, पोटाचा आणि हाताचा काय संबंध म्हणाले. बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, लग्नापुरता हात मिळू दे, पोटाचं मी बघतो. मी गोळ्या घेऊन दिल्या. चुकलं असेल तर रागाव, पण अबोला धरू नकोस.

तुझा बन्सी

चाकण, ता. २० मे १९५७

चि. बन्सीस अनेक आशीर्वाद.

मांडवात तू पाहिलंसच. पाण्याची धार सरळ पडली आणि आप्पांनी आधी माझ्याकडे पाहिलं. तू परत गेलास आणि त्यांचं पोट ढोलासारखं फुगलं. वैद्यबुवांनाही काही सुचेना. बैलगाडीत घालून खेडच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा कुठे सुटका झाली. गोळ्या आता बंद आहेत. हात पूर्वीपेक्षा जास्त हलतो, आई घास भरवते. मला रडू आवरेना तर म्हणाले, पोरीच्या वेळेला हात होता ना, मग झालं. मला काही कळेनासं झालंय रे. औषध पाठवू नकोस, नुसता ये.

वाट पाहणारी,
कुशा

पिंपरी, ता. २९ मे १९५७

ती. कुशाताईस शि. सा. न.

डॉक्टरांना पुन्हा भेटलो. हाताला आणि पोटाला दोन्हीला चालेल असं औषध नाही म्हणाले. पोट आधी आणि हात मागून, असं का, हे परत विचारलं. या वेळी ते हसले नाहीत. त्यांनाही ठाऊक नाही.

शनिवारी येतो. आईला सांग, आप्पांना देऊन उरलेलं एरंडेल माझ्यासाठी ठेव. दोन वर्षं झाली, सकाळी चाळीतले लोक माझ्या नावाने संडासाचं दार वाजवतात आणि हसतात. मीही हसायचो. आप्पांना यातलं काही कळू देऊ नकोस.

आहे तशीच माया ठेव.
तुझा बन्सी