आधी आपला कट्टा

रविवार, दिवाळी सरल्यावरचा

आण्णा, बऱ्याच दिवसांत तुम्हाला काही लिहिलं नाही, माफ करा. पूर्वी रोजच्या वहीत तुमच्यासाठी दोन ओळी तरी असायच्या. पुढे नोकरी आणि मुलीची बारावी यांत त्या मागे पडल्या. आज मात्र तुम्हाला सांगितल्याशिवाय मला पुढचं काही करता येत नाही, कारण मी आपल्या दारापुढचा तुमचा कट्टा पाडणार आहे.

आपला रस्ता आता तुम्हाला ओळखू यायचा नाही. कराडकडे जाणारी सगळी वाहनं इथूनच घुसतात. तुम्ही गेल्यावर फुटपाथ झाला, रंगीत ब्लॉकचा. ठेकेदाराने तो तुमच्या कट्ट्यापर्यंत आणला, थांबवला आणि पलीकडून पुन्हा सुरू केला. पुढे त्यावर हॉटेलची टेबलं आली, मोबाइलच्या दुकानाचा बोर्ड आला, घरोघरी गाडी आत घ्यायला सिमेंटचे उतार आले. चालणारा माणूस उतरला रस्त्यावर. आणि हंगाम सुरू झाला की त्याच रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर जातात, मागे दोन-दोन ट्रॉल्या, वर मोठ्याने गाणी. गेल्या हंगामात शेजारच्या काकू दूध घेऊन येत होत्या. तुमच्या कट्ट्याला वळसा घालायला त्या खाली उतरल्या आणि ट्रॉलीबाहेर आलेल्या उसात त्यांचा पदर अडकला. खुब्याचं हाड मोडलं. ट्रॅक्टरवाला थांबलासुद्धा नाही, गाण्यात त्याला काही ऐकू गेलं नसावं. आता काकू काठी टेकत चालतात. चार दिवसांत कारखाना पुन्हा सुरू होईल.

म्हणून परवा आम्ही गल्लीतली माणसं नगरपालिकेत गेलो. मुख्याधिकारी साहेब नवीन आलेले. आत शिरताच आपल्या गल्लीचे अध्यक्ष, बँकेतून रिटायर झालेले, त्यांनी पिशवीतून शाल आणि नारळ काढला. आपल्याकडे भांडायला गेलेली माणसंही आधी सत्कार करतात, हे मी विसरले होते. शाल घातली, फोटो निघाला, कुणाचे तरी डोळे मिटले म्हणून पुन्हा निघाला. अध्यक्षांनी भाषण केलं, साहेबांनी उत्तर दिलं, चहा आला. "तुमचं प्रेम असंच राहू दे," म्हणत साहेब उठायला लागले. काकू दाराजवळच्या खुर्चीत काठी धरून तशाच बसलेल्या. मी म्हणाले, "साहेब, सत्कार झाला. तक्रार राहिली."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, हे मी नाकारणार नाही. मग शांतपणे म्हणाले, "मशीन उद्या पाठवतो, मॅडम. सुरुवात कुठनं करू? तुमच्या दारातला तो कट्टा कुणाचा?"

खोलीत कुणीतरी हसलं. अध्यक्ष पुटपुटले, "ताई, बसा खाली." मी बसले नाही. "माझ्या वडिलांचा," मी म्हणाले. "तिथूनच करू. पण मशीन नको, मी पाडते. माझा पडला की मात्र बाकीचं तुमच्याकडे. हॉटेलपासून शेवटच्या घरापर्यंत."

"तुम्ही पाडा तर खरं, मग बघू."

"बघू नाही, साहेब. कट्टा पडेल त्याच दिवशी मी इथे येऊन बसेन. रस्ता मोकळा झाला की उठेन."

पायऱ्या उतरताना अध्यक्षांनी मला गाठलं. "आवं ताई, काय करून बसलासा! वडलांची आठवण ती. आणि आता सगळ्यांच्या पायऱ्या, उतार, समदं निघंल की! माझा जिना बी हाय त्यात." शाल कशासाठी होती, ते मला तेव्हा कळलं. काकू मागून म्हणाल्या, "निघू दे की जिना. तुमी शिडी लावा." अध्यक्ष तरातरा पुढे निघून गेले.

तेव्हापासून स्वतःला विचारतेय, की हे मी काकूंसाठी करतेय, की कुणी हसलं म्हणून? दोन्ही असेल. तुम्ही चुकला होतात, असं मी म्हणणार नाही. तेव्हा फुटपाथ नव्हता, उघडं गटार होतं. फौजेतून आल्यावर तुम्ही त्यावर शहाबादी फरशा टाकल्या, स्वतः कडा बांधल्या, येणाऱ्याजाणाऱ्याला टेकायला जागा केली. अजून डोळ्यांसमोर आहे: लहानगी मी तिथे बसून ऊस खातेय. दातांनी साल सोलतेय आणि चघळलेल्या चोयट्या सरळ रस्त्यावर फेकतेय. तुम्ही फाटकातून सायकल आत घेता घेता थांबता. "रस्ता काय तुझ्या बापाचा हाय व्हय गं?" बाप तुम्हीच, हे तुमच्या लक्षात येतं, मिशीत हसू येतं, पण चोयट्या मला उचलायला लावताच. एकूण एक. फौजेत गाडी चालवलेला माणूस तुम्ही, चालणाऱ्याला आधी वाट द्यायची, हे मला तुम्हीच शिकवलंत. मग त्या दिवशी साहेबांना मी दुसरं काय उत्तर देणार होते? अध्यक्ष म्हणतात ही तुमची आठवण. माझ्या लेखी तुमची आठवण त्या चोयट्या आहेत, फरशा नाहीत.

आज सकाळी काकू आल्या आणि सवयीने कट्ट्यावरच टेकल्या. "पाडतीस व्हय खरंच? मग मी बसू कुठं?" मी म्हटलं, अंगणात खुर्ची टाकते. "अंगणातनं रस्ता दिसत न्हाई," त्या म्हणाल्या, आणि फरशीवरून हात फिरवत, "पाड बाई. चालाय येऊ दे आधी."

त्यांच्यासमोर मी हसून मान हलवली. तुम्हाला म्हणून सांगते, आण्णा, हे सगळं मी त्या कट्ट्यावर बसूनच लिहितेय आणि मघापासून उठवत नाहीये.

उद्या: गवंड्याकडून घण आणणे.